नाव गाळलं, पण वाडीचं काय?

परवा वेल्ह्यात बचत गटाच्या बैठकीनंतर एकीनं हळूच विचारलं, "ताई, बाईनं पोलिसांत जबाब दिला तर नाव पेपरात येतं का हो?"

बलात्काराच्या गुन्ह्यात तरी छापता येत नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा हा आडोसा नव्हता. तिचं नाव देशभर झालं. त्या खटल्यातून उठलेल्या आंदोलनानं १९८३ मध्ये कायदा बदलला. नाव छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. केरळात सिनेमातल्या बायकांनी हेमा समितीला सांगितलेलं २०२४ मध्ये बाहेर आलं, तेही काही भाग गाळूनच.

पण आमच्याकडे एकेका वाडीत घरं किती? नाव गाळून 'अमुक वाडीतली, नवरा पुण्यात कामाला' एवढं छापलं, की एसटी स्टँडवर सगळ्यांना कळतं! ओळख पटेल असा तपशीलही नको, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच बजावलंय. बातमीदारांनी ते वाचावं.

आरोपीला मात्र जबाबाची प्रत मिळतेच, हेही मी तिला सांगितलं. फिर्याद वाचून घेऊन मग सही करायची, आपली प्रत फुकट मिळते, ती मागायची. ती म्हणाली, "बरं, सांगते तिला."