नाकारलेल्या महिन्याचे दान

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. हे अंतर भरून काढण्यासाठी साधारणतः ३३ महिन्यांनी अधिक मास येतो; २०२३ साली तो श्रावणात आला होता. कथा अशी की, मलमास म्हणून हिणवलेल्या या महिन्याचा स्वामी व्हायला कोणी देव तयार होईना; तेव्हा विष्णूने त्याला आपले ‘पुरुषोत्तम’ हे नाव दिले. झिडकारलेल्याला जवळ करणे, हेच या व्रताचे मर्म होय.

व्यवहारात मात्र हा ‘धोंड्याचा महिना’ जावयाच्या मानपानाचा होऊन बसला आहे. ३३ अनारसे, चांदीचे ताट, आहेर. आणि त्यापायी ऐपत नसलेल्या वधूपित्याच्या डोक्यावर कर्ज! १९६१ च्या कायद्याने हुंडा निषिद्ध ठरविला. हुंड्याची वृत्ती मात्र वाणाच्या रूपाने उजळ माथ्याने वावरते आहे.

श्रद्धावंतांची टवाळी करून हे बदलणार नाही. उपास, नामस्मरण, दीपदान ज्याचे त्याने खुशाल करावे. आपण त्यांना त्यांच्याच कथेची आठवण करून द्यावी आणि आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. कार्यकर्ता हाही कुणाचा तरी जावई असतो. त्याने वाण नम्रपणे नाकारावे. ज्याला कोणी विचारीत नाही त्याच्या पानात तो अनारसा पडेल, तेव्हाच पुरुषोत्तमाचे नाव सार्थ होईल.