आधी गोधन, मग माणूस

आसामात नववर्षाचा पहिला मान माणसाचा नसतो. एप्रिलच्या मध्यास, तेथील सौर पंचांगातील चैत्राच्या अखेरच्या दिवशी, रोंगाली बिहूचा आरंभ 'गोरू बिहू'ने होतो. गोरू म्हणजे गुरे. सकाळीच त्यांना नदीवर वा तळ्यावर नेतात, वाटलेले उडीद व हळद अंगाला लावून स्नान घालतात, दुधीभोपळ्याच्या व वांग्याच्या फोडी भरवतात. सायंकाळी गोठ्यात धुरी देऊन त्यांना नव्या दाव्यांनी बांधतात. माणसांचा 'मानुह बिहू' दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नवी वस्त्रे लेऊन थोरांना वंदन करतात आणि हातमागावर विणलेला गामोसा 'बिहुवान' म्हणून स्नेहाने देतात.

आपल्या पोळ्याला बैलाचे ऋण मान्य होते, ते नांगरणी-पेरणी सरल्यावर. आसामात ते भातशेतीच्या हंगामापूर्वीच मान्य होते. केलेल्या श्रमांचे आभार मानणे सोपे असते. पुढे कष्टणाऱ्याला आधीच गौरवणे हा अधिक सूक्ष्म विवेक होय.

आज ट्रॅक्टर आलेल्या घरी नवे दावे कोणासाठी वळावे? गोठा रिकामा झाला, तरी तो विवेक रिकामा होऊ नये. आपल्या घरासाठी वर्षभर राबणारे हात कोणाचे, हे वर्षारंभीच आठवावे.