डाव्या डोळ्याची नोंद

शिकागोतल्या आपल्या मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना आहे. आपण सगळ्यांनी देणगी जमवून वाशिम जिल्ह्यात एक भव्य नेत्रशिबिर घ्यावे, एका दिवसात शक्य तितके रुग्ण तपासावेत आणि आयोजन तिथल्या सेवा क्लबकडे सोपवावे, अशी ती सूचना. माझे माहेर वाशिमचे. त्यामुळे सर्वांत आधी टाळी माझी पडायला हवी होती. तरीही मी या सूचनेला विरोध करणार आहे. पैसे देण्याला माझा विरोध नाही, सगळे पैसे एका दिवसावर घालण्याला आहे. त्याचे कारण एका वहीत आहे.

माझे काका कापडाचे दुकान चालवत आणि गावातल्या एका सेवा क्लबचे सभासद होते. गल्ल्याखाली उधारीच्या वहीशेजारी त्यांची आणखी एक लाल बांधणीची वही असे. शिबिरात मोतीबिंदू निघालेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, कोणता डोळा, ऑपरेशनची तारीख, फेरतपासणीची तारीख, चष्मा मिळाला की नाही, असे तिचे रकाने होते. शेवटचा रकाना होता ‘निरोप कोणाकडे’. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. म्हणून त्या रकान्यात कुठे गावातला किराणा दुकानदार, कुठे शाळेचे गुरुजी, कुठे मुक्कामी एसटीचा कंडक्टर लिहिलेला असे. शाळेतून आले की मी चिठ्ठ्या लिहायला बसायची : ‘सोमवारी दाखवायला यावे. औषधाची बाटली सोबत आणावी.’ संध्याकाळी काका त्या चिठ्ठ्या स्टँडवर नेऊन देत.

एका वर्षी काका आजारी पडले. क्लबची कार्यकारिणी बदलली. वही दुकानातच राहिली, कारण ती कोणी मागितलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात रिसोडकडच्या एका खेड्यातली आजी दुकानाची पायरी चढून आली आणि म्हणाली, “बाबू, उजव्या डोयानं मले चांगलं दिसते. डाव्याचं कवा करता? कोनी बलावलंच नाही.”

त्या वर्षी शिबिर झाले नव्हते असे नाही. झाले होते, आधीच्यापेक्षा मोठे झाले होते आणि पेपरात फोटोही आला होता. नवे रुग्ण तपासले गेले. जुन्यांना बोलवायचे आहे, हे मात्र कोणाच्या कामात लिहिलेले नव्हते.

मोतीबिंदूचे काम शिबिराच्या दिवशी संपत नाही, सुरू होते. भारतात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही मोतीबिंदूच आहे, आणि ऑपरेशनने तो बरा होतो. पण मांडवात टेबल टाकून ऑपरेशन करण्याचे दिवस गेले. आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशन रुग्णालयातच करावे लागते. म्हणजे रुग्णाला न्यायचे, आणायचे, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून बघायचे, आठवड्याने पुन्हा बघायचे, महिना-दीड महिना थेंब चालू ठेवायचे, मग चष्म्याचा नंबर काढायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर हे सगळे काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. थेंब मध्येच बंद झाले किंवा डोळा लाल झाल्यावर दाखवायला कोणी नेले नाही, तर चांगले झालेले ऑपरेशनही वाया जाऊ शकते. एका दिवसाच्या शिबिरात यातली फक्त पहिली पायरी होते. बाकीच्या पायऱ्या चढवतो तो दर पंधरा दिवसांनी भेटणारा, वही उघडणारा आणि निरोप धाडणारा क्लब.

आता वाशिमच्या क्लबांचे वर्ष कसे चालते ते बघा. रोटरी काय, लायन्स काय, यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. वाशिम जिल्ह्याचा जन्मही १ जुलैचा : १९९८ साली याच दिवशी तो अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीत जन्मलेल्या वसंतराव नाईकांची जयंतीही १ जुलैलाच, म्हणून राज्यात तो कृषिदिन. थोडक्यात, आमच्याकडे हा दिवस पेरणीच्या धांदलीचा. कृषी केंद्रवाला, अडत्या, कापड दुकानदार, डॉक्टर हेच क्लबचे सभासद, आणि हार गळ्यात पडतो त्याच आठवड्यात त्यांच्या दुकानात सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांग लागलेली असते. श्रावणात वृक्षारोपण होते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते, मग दिवाळी. मोतीबिंदूचे ऑपरेशन थंडीतच करावे ही समजूत अजून गेलेली नाही, डॉक्टर कितीही सांगोत की कोणताही ऋतू चालतो. म्हणून शिबिरे डिसेंबर ते फेब्रुवारीत. मार्च-एप्रिलमध्ये लग्नसराई आणि ऊन, आणि मेपासून पुढच्या अध्यक्षाच्या पदग्रहणाची तयारी. बारा महिन्यांच्या अध्यक्षाच्या हाती खऱ्या कामाचे पाच-सहा महिनेच येतात. फेब्रुवारीत उजवा डोळा झालेल्या माणसाचा डावा डोळा पुढच्या अध्यक्षाच्या वर्षात येतो. त्या दोन वर्षांना जोडणारा पूल म्हणजे ती वही.

या क्लबांचे मूळ आपण राहतो त्या शिकागोतच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या युनिटी बिल्डिंगमधील ७११ क्रमांकाच्या खोलीत पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन मित्र भेटले : एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात व्हायची, म्हणून नाव पडले रोटरी. नावातच पाळी आहे, फिरता नेम आहे. त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे लोकोपयोगी काम होते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठीचे. २३ फेब्रुवारी हा गाडगेबाबांचाही जन्मदिवस. शिकागोत ती बैठक भरली तेव्हा बाबा २९ वर्षांचे होते, आणि सकाळी खराट्याने गाव झाडून रात्री कीर्तन करण्याचा त्यांचा पुढचा नेम आपल्या वऱ्हाडाने डोळ्यांनी पाहिला.

नेमाने सेवा करायला आपल्याला शिकागोकडून शिकावे लागले नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या खेड्यापाड्यांत रोज ठरल्या वेळी होते, कोणी पाहुणा येवो न येवो. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी ठरलेल्या पाळीने येऊन सेवा देतात. महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना मेडशी, शिरपूर, रिसोडवरून जाते, आणि वाटेवरच्या गावांत पाणी कोणी द्यायचे, जेवण कोणी द्यायचे, हे दरवर्षी नव्याने विचारावे लागत नाही. आणि आजचे सर्वांत चांगले उदाहरण आहे बायकांचे बचत गट. त्यांच्या पंचसूत्रीतली पाचही सूत्रे ‘नियमित’ या शब्दाने सुरू होतात : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. चौथीपर्यंत शिकलेली बाई गटाचे इतिवृत्त पूर्ण ठेवते आणि पुढच्या सचिवाच्या हाती देते. मग पदवीधरांच्या क्लबने ते का करू नये?

नोंदीत किती ताकद असते याचा पुरावा क्लबांच्याच इतिहासात आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचे काम अंगावर घेतले. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओच्या फेऱ्या सुरू झाल्या. आपल्याला आठवतात ते बूथ आणि दोन थेंब. पण पोलिओ हटवला तो बूथनंतरच्या दिवसांनी. कार्यकर्ते घरोघर जात, मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण बघत आणि दारावर खडूने लिहीत : सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, एखादे राहिले असेल तर ‘एक्स’. मग ‘एक्स’ लिहिलेल्या घरी पुन्हा जाणे, आणि पुन्हा जाणे. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. काकांच्या वहीतला मोकळा रकाना म्हणजे दारावरचा ‘एक्स’ होता.

रक्तदानाचेही हेच आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी बाटल्यांचा ढीग लागतो. पण साठवलेले रक्त ३५ दिवस, फार तर ४२ दिवस टिकते, आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेजे बंद, दाते गावाला गेलेले, आणि थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. शंभर जणांनी एकाच दिवशी रक्त देण्यापेक्षा त्याच शंभर जणांची यादी करून दर महिन्याला आठ-नऊ जणांना बोलावले, तर त्या मुलाचा मे महिना सुखाने जाईल. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, तेव्हा यादी कमी पडायची नाही.

आता निरोपांविषयी. काकांच्या चिठ्ठीची जागा व्हॉट्सअॅपने घेतली, हे चांगलेच झाले. निरोप क्षणात पोचतो. पण क्लबच्या ग्रुपवर काय येते ते मी गेली काही वर्षे बघते आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बॅनरसमोर उभी रांग, आणि खाली अभिनंदनाचे शंभर संदेश. कोणाचे ऑपरेशन राहिले, कोणी फेरतपासणीला आले नाही, मागच्या बैठकीत काय ठरले आणि त्याचे काय झाले, हे तिथे सापडत नाही. यात दोष एकट्या क्लबचा नाही. फोटो मागणारे आपण आहोत. देणगी पाठवली की दुसऱ्या दिवशी इथून विचारणा जाते, “फोटो पाठवा ना, अंकात छापायचेत.” आपण जे मागतो ते तिकडे तयार होते. आपण आकडे मागितले तर आकडे तयार होतील.

यावर आक्षेप येतील, आणि ते खरेही आहेत. पहिला असा की दुकानदाराला दर आठवड्याला वेळ कुठला? मान्य. रोटरीनेही २०१६ मध्ये आठवड्याचा नियम सैल करून महिन्यातून किमान दोन बैठका पुरेशा मानल्या. दोनच होऊ द्या, पण वार आणि वेळ बदलू नका. दुसरा आक्षेप असा की मोठ्या शिबिराने लोक जमतात, उत्साह येतो. येतो, आणि शिबिर बंद करा असे मी म्हणत नाही. मागच्या शिबिरातल्यांची फेरतपासणी पूर्ण झाल्याशिवाय पुढचे घेऊ नका, एवढेच म्हणते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : हे सगळे सरकारचे काम आहे. आहेच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि २०१८ पासून वाशिम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ऑपरेशन रुग्णालय करू शकते. पण तांड्यावरच्या एकट्या म्हातारीला ठरल्या दिवशी गाडीत बसवणे आणि संध्याकाळी घरी पोचवणे, यासाठी गावातला ओळखीचा माणूसच लागतो. क्लबने तो माणूस व्हावे.

म्हणून माझा ठराव असा आहे. एका दिवसाच्या शिबिरासाठी जेवढी रक्कम सुचवली आहे, तेवढीच तीन वर्षांत विभागून द्यावी. त्यातून फेरतपासणीचा गाडीखर्च, फोन आणि वही ठेवणाऱ्या एका अर्धवेळ माणसाचे मानधन निघावे. पैसा पाठवताना कायदा सांभाळावा. आपल्यापैकी ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले त्यांची देणगी, ओसीआय कार्ड असले तरी, भारतात परदेशी योगदान ठरते. मंडळाच्या खात्यातला पैसा तर ठरतोच. तो घेण्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परदेशी योगदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. लहान गावच्या क्लबकडे अशी नोंदणी सहसा नसते. तेव्हा देणगी नोंदणी असलेल्या रुग्णालयालाच द्यावी, त्याचा खर्च त्यानेच करावा आणि क्लबने माणसे उभी करावीत.

बदल्यात आपण रुग्णांची नावे मागायची नाहीत, चेहरेही नाहीत. दर १ जुलैला चार आकडे मागायचे : किती तपासले, किती ऑपरेशने झाली, किती जण फेरतपासणीला आले, आणि किती जणांचा दुसरा डोळा झाला. त्यासोबत मावळत्या आणि नव्या अध्यक्षांच्या सहीचा एक कागद, की वही या हातातून त्या हातात गेली. अंकात फोटोच्या जागी हे चार आकडे छापू. चौथा आकडा लहान असेल तर लहान छापू, आणि पुढच्या वर्षी तो का वाढला नाही ते विचारू.

त्या आजीला काकांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः रुग्णालयात नेले आणि तिचा डावा डोळाही झाला. ती चालत दुकानापर्यंत आली म्हणून झाला. जे येऊ शकले नाहीत त्यांची नावे त्या लाल वहीत तशीच राहिली. सभेत मी हा ठराव मांडेन. त्याला अनुमोदन द्या, आणि तीन वर्षे माझ्यासोबत ते चार आकडे तपासायला बसा.