कॅलेंडरच्या पाठीवर

गेल्या जानेवारीत बँकेचे जुने कॅलेंडर भिंतीवरून उतरवले, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "टाकू नका, पाठ कोरी आहे. पाच वर्षांनी आपल्याला काय हवे, ते दोघांनी लिहू या."

आम्ही पडलो कारकून. दिवसभर दुसऱ्यांचा जमाखर्च पैशापर्यंत जुळवतो. स्वतःच्या आयुष्याचे अंदाजपत्रक मात्र कधी मांडले नव्हते. आम्ही लिहिले : मोठे घर, मोटारसायकल, मुलीचे लग्न थाटात. सौ.नी लिहिले : मुलीला वकील करायचे, डोक्यावर हप्ता नको, रविवारचे जेवण सगळ्यांनी एकत्र. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि आम्ही वरमलो. आमची यादी शेजाऱ्यांच्या घरात डोकावून केलेली होती!

वाचकहो, आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, पण त्यामागची आखणी पाहत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी मात्र त्यांनी आधीच मिळवून ठेवली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार ४५० रुपये, त्या काळी केवढी मोठी रक्कम! दुसरा कोणी असता तर चाळ सोडून बंगल्याचे भाडे भरू लागला असता. बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले. घरखर्चाला नेमके पैसे देऊन उरलेले लंडनसाठी बाजूला टाकले. १९२० साली राजीनामा दिला. शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. पगार हातात येण्याआधीच त्याचे काय करायचे, हे ठरलेले होते. आणि ती आखणी निभावली रमाईंनी. नवरा परदेशी असताना मोजक्या पैशांत घर चालवणे म्हणजे काय, हे आपल्या भगिनींना सांगायला नको.

आमची झेप ती कुठली! पण एक तारखेला पगार झाला की पहिली रक्कम पोस्टातल्या आवर्ती ठेवीत, मुलीच्या फीसाठी, एवढे आम्ही दोघांनी ठरवले. मग मे महिन्यात पुतण्याचे लग्न निघाले. थोरल्या दादांची अपेक्षा होती की आम्ही पतपेढीचे कर्ज काढून पन्नास हजार द्यावेत. आम्ही साठवणीतले दहा हजार दिले. वहिनींनी भर पंगतीत ऐकवले. दादा अजून नीट बोलत नाहीत. हे लिहिताना वाईट वाटते, पण कर्ज काढले असते तर फीचा हप्ता मोडला असता.

पैशांपेक्षा अवघड निघाला तो वेळ. रोज संध्याकाळी कधी मंडळाची मीटिंग, कधी कोणाच्या दाखल्यासाठी धावपळ. सौ. म्हणाल्या, "समाजाचे काम करा, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घराच्या." सुरुवातीला आम्हाला राग आला. कार्यकर्त्याला असे बोलतात का? आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सातला घरी असतो. टीव्ही बंद, मुलगी अभ्यासाला, आम्ही भाजी निवडायला. मेथी निवडण्यात एवढे सुख असते, हे चाळिशी उलटल्यावर कळले.

ते कॅलेंडर कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. मोटारसायकल आम्हीच खोडली. परवा पाहिले तर 'थाटात' हा शब्दही कोणीतरी खोडलेला दिसला. अक्षर नसले तरी पेन मुलीचे होते. 'लग्न' तेवढे राहू दिले आहे; पण त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिले आहे, 'वकिलीनंतर'.