झाडाचा वेग ताशी ८६ मैल!

१/ सन १९७९, अमेरिकेतील मायामी. दूरचित्रवाणीवरील एका बातमीत पोलिसांचे वेगमापक रडार पामच्या झाडावर रोखलेले दिसले. आकडा उमटला : ताशी ८६ मैल. एक घर तर २८ मैलांच्या वेगाने ‘धावत’ होते. लोक हसले, परंतु या प्रसंगाकडे केवळ विनोद म्हणून पाहणे हा इतिहासावर अन्याय ठरेल.

२/ मुळात तत्त्व निर्दोष होते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे ते मांडले : स्रोत जवळ येत असेल तर लहरींची वारंवारता वाढलेली भासते. १८४५ मध्ये बाइज बॅलट यांनी नेदरलँड्समध्ये आगगाडीवर तुतारीवादक बसवून ते पडताळून पाहिले.

३/ दुसऱ्या महायुद्धकाळात जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक यांनी विमान उतरतानाचा वेग मोजण्यासाठी याच तत्त्वावर रडार रचले. १९४७ मध्ये कनेक्टिकटच्या पोलिसांनी ते ग्लास्टनबरी येथे रस्त्यावर आजमावले. १९४९ पासून त्याच्या आकड्यावर दंड होऊ लागला.

४/ रडार वेग ‘पाहत’ नाही. परतलेल्या लहरीतील फरकावरून तो काढते. १०.५२५ गिगाहर्ट्झची लहर ताशी १०० किमी वेगाने येणाऱ्या गाडीवरून परतते, तेव्हा हा फरक सेकंदाला सुमारे १,९५० आवर्तनांचा असतो. मात्र तो नेमका कोणत्या गाडीचा, हे ठरवतो पोलीस. शिवाय गाडीतल्या पंख्याचा किंवा रेडिओसंदेशाचा व्यत्ययही वेग म्हणून उमटू शकतो.

५/ १९५५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने रडारचे तत्त्व ग्राह्य धरले. त्यासाठी दर खटल्यात तज्ज्ञाची साक्ष नको, असे ठरले. पण तत्त्व खरे म्हणजे हातातले यंत्रही खरे, असे होत नाही. नादकाट्याने यंत्र तपासण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

६/ मायामीचे न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी १९७९ मध्ये हाच भेद अधोरेखित केला : रडारची विश्वासार्हता वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झालेली नाही, म्हणून हा पुरावा नाकारला. त्यानंतर ही यंत्रे राष्ट्रीय पातळीवर तपासली गेली.

७/ ‘अशाने बेफाम चालक सुटतील’, हा आक्षेप पोकळ नाही. भरधाव गाडी जीव घेते, हे निर्विवाद. पण न तपासलेल्या आकड्यावर निरपराध्याला दंड झाला, तर लोकांचा विश्वास योग्य दंडावरूनही उडतो. माझ्या मते, यंत्राची उलटतपासणी ही कायद्याची अडवणूक नव्हे, तर त्याचा आधार आहे.

८/ आपल्याकडेही २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा यंत्रांना मान्यतेचे प्रमाणपत्र लागते, त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि रस्त्यावर सूचनाफलक बंधनकारक आहे. तेव्हा मित्रांनो, वेगमर्यादा पाळाच. पण ई-चलान आलेच, तर ‘या यंत्राची तपासणी केव्हा झाली?’ हेही विचारा. हा प्रश्न विचारण्याचा हक्क मायामीच्या त्या झाडाइतकाच जुना आणि तितकाच भक्कम आहे.