पिलाच्या डोक्यावरील टेंगूळ

शाळेच्या वार्षिकांत कुत्र्याच्या पिलाच्या टेंगळावर लेख यावा, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. वार्षिकांत परीक्षांचे निकाल, सामने, स्नेहसंमेलन आणि निरोपाचीं भाषणें यांना जागा असते, आणि तीं याही अंकांत आहेतच. परंतु गेल्या पावसाळ्यांत जो विषय आमच्या वर्गांत, वसतिगृहांत, स्वयंपाकघराच्या पायरीवर आणि शिक्षकांच्या खोलींतही सलग चार दिवस चालला होता, तो हाच होता. आणि त्या चार दिवसांत आम्हां मोठ्या माणसांचें वर्तन मुलांहून शहाणपणाचें होतें, असें आम्हांस प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. म्हणून हा लेख.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागील पडवींत एक भटकी कुत्री व्याली होती. तिच्या पिलांपैकीं एकच जगलें. तें तांबूस रंगाचें, कानावर पांढरा ठिपका असलेलें, सुमारें दहा आठवड्यांचें होतें. एका सोमवारीं त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर, केसांखालीं, हरभऱ्याएवढा उंचवटा मुलांस दिसला. बुधवारीं तो जांभळाएवढा झाला. कोणीं मारलें म्हणावें, तर मारतांना कोणीं पाहिलें नव्हतें. पडलें म्हणावें, तर त्या पडवीला पायरी एकच. तरीही निदानांचा तोटा पडला नाहीं. आचारीमामा म्हणाले, "आपटलं असेल कुठंतरी, बसेल दोन दिवसांत." माळीमामांनीं गूळ-चुन्याचा लेप सुचविला. दहावींतील एका विद्यार्थ्यानें मोबाईलवर दोन मिनिटें बोट फिरविलें आणि "सर, हा ट्यूमर आहे," असें इतक्या गंभीरपणें सांगितलें कीं लहान मुलें रडूं लागलीं. आणि आम्हीं स्वतः, इतकीं वर्षें विज्ञान शिकवीत असूनही, व्हरांड्यांतूनच पाहून "गांधीलमाशी चावली असेल" असा निकाल दिला आणि तासाला निघून गेलों.

ह्या चारही निदानांत एक गोष्ट समान होती. चौघांपैकीं एकानेंही जवळ जाऊन पिलाचे केस बाजूला करून पाहिलें नव्हतें. नांव देऊन टाकलें कीं पाहण्याचें काम संपलें, असें मनुष्यास वाटतें, आणि आमची तक्रार आहे ती ह्याच घाईविषयीं. "कांहीं नाहीं" म्हणणारा निश्चिंत होऊन स्वस्थ बसतो. "कॅन्सर" म्हणणारा हताश होऊन स्वस्थ बसतो. पिलाच्या दृष्टीनें दोघेही सारखेच.

वस्तुतः पिलाच्या डोक्यावर येणाऱ्या उंचवट्यांचीं कारणें इतकीं भिन्न आहेत कीं दुरून निर्णय करणें जाणत्यासही कठीण. कांहीं तर रोगच नव्हेत. लॅब्रॅडॉर व कित्येक शिकारी जातींच्या कुत्र्यांत डोक्याच्या मागें, दोन कानांच्या मध्यें, हाडाचा एक उंचवटा वाढत्या वयांत ठळक दिसूं लागतो. तो कवटीचाच भाग होय, आणि त्यावर औषध चोळणें म्हणजे आपल्या कोपरावर औषध चोळण्यासारखेंच आहे. चिवावासारख्या अगदीं लहान जातींत कांहीं पिलांची टाळू तान्ह्या बाळाप्रमाणें उघडी राहते. तेथें बोटाला मऊ लागतें, आणि तेथें दाबणें धोक्याचें असतें. गोचीड रक्त पिऊन फुगली म्हणजे वाटाण्याएवढी करडी गांठच भासते; केस बाजूला केले कीं त्या गांठीला पाय दिसतात, आणि सारें गूढ तेथेंच संपतें. मधमाशीचा किंवा गांधीलमाशीचा डंख थोड्याच वेळांत सूज आणतो, आणि ती बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. परंतु सगळें तोंडच सुजून श्वास अडखळूं लागला, तर मात्र वाट पाहूं नये. आपल्या भागांत याहून वाईट असें आणखी एक कारण आहे. झुडपांत नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला घोणस तोंडावर डसते, आणि सूज झपाट्यानें चढते. अशा वेळीं लेप कुटण्यांत घालविलेली घटका जिवावर बेतते.

आतां दहावींतील त्या विद्यार्थ्याच्या शब्दाकडे वळूं. तरुण कुत्र्यांत, विशेषेंकरून तीन वर्षांच्या आंतील कुत्र्यांत, डोक्यावर किंवा कानावर सदऱ्याच्या गुंडीसारखी वाटोळी, तांबडी, केस गळालेली गांठ कधीं कधीं येते. तिला हिस्टिओसायटोमा म्हणतात. तो खरोखरच ट्यूमर होय. पण तो बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरून जातो. म्हणजे त्याचा शब्द खरा ठरला असता, तरीही त्याची भीति बहुधा खोटीच ठरली असती.

आणखी एक उदाहरण आम्हांस विशेष बोधक वाटलें. तीन आठवड्यांपासून सुमारें चार महिन्यांपर्यंतच्या पिलांस ज्युव्हेनाइल सेल्युलायटिस नांवाचा एक विकार होतो. तोंड सुजतें, कान सुजतात, जबड्याखालीं गांठी येतात, त्वचा फुटून पुवासारखें कांहीं वाहूं लागतें. पाहणारा सहजच म्हणेल कीं हें जंतूंचें गळूं आहे. परंतु त्याच्या मुळाशीं जंतु नसतात. शरीराची संरक्षक शक्तिच भलत्या बाजूला वळलेली असते, आणि ती शक्ति दाबून ठेवणारें स्टेरॉइड हेंच त्याचें मुख्य औषध. उलट, दांत लागून झालेल्या खऱ्या गळवांत तेंच औषध दिलें तर जंतूंना मोकळें रान मिळतें. वरून दोन्ही सुजा सारख्या दिसतात; एकीचें औषध दुसरीचें विष ठरतें. असें असतां घरच्या घरीं डोळे मिटून उपचार करण्याचें धाडस कोणास व्हावें?

पण होतें. आमच्या लहानपणीं, आमच्याच घरीं, एका पिलाच्या मानेवर गळूं आलें होतें. घरच्या वडीलधाऱ्यांनीं बाभळीचा कांटा विस्तवावर तापवून तें फोडलें, जोरानें पिळलें आणि वर हळद भरली. आम्हीं पिलाचे पाय धरले होते. पांचव्या दिवशीं पिलूं गेलें. त्यांच्या मनांत क्रूरपणा मुळींच नव्हता. त्यांना त्या जिवाचें दुःख पाहवत नव्हतें, एवढेंच. हल्लीं कांटा गेला आणि त्याच्या जागीं गोळी आली. ताप-दुखण्यासाठीं घरोघरीं असलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ह्यांची अर्धी गोळी दुधांतून पिलाला देणारीं मायाळू माणसें आम्हांस ठाऊक आहेत. माणसाच्या मापाच्या ह्या गोळ्या कुत्र्याच्या यकृतास, मूत्रपिंडास व पोटास अपाय करतात. कधीं प्राणही घेतात. पालकांनीं निदान एवढें तरी घरांत सर्वांना सांगून ठेवावें.

गुरुवारीं पिलाला पाटींत घालून आम्ही तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यांत नेलें. "गुरांच्या दवाखान्यांत कुत्रें घेतात काय?" असें वाटेंत दोघांनीं विचारलें, म्हणून येथें लिहितों कीं घेतात. मुंबईस परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि पशुवैद्यकाचें महाविद्यालयही तेथें १८८६ सालीं निघालें. असें असूनही आपल्याकडे कुत्र्याला डॉक्टर दाखविणें हा श्रीमंतांचा षोक समजला जातो, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

तेथील डॉक्टरीणबाईंनीं पिलाला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. टेंगूळ प्रथम केव्हां दिसलें? तें वाढत आहे कीं तेवढेंच आहे? पिलूं खातें-पितें काय? झिंगतें काय, झटके येतात काय? इतर कुत्रीं आसपास असतात काय? आम्हीं आपली गांधीलमाशी मनांतल्या मनांत मागें घेतली, कारण ह्यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. उत्तर दिलें सातवींतील एका मुलानें. त्यानें गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सोमवारपासून रोज दोन वेळां टेंगळाचा आकार काढून ठेवला होता. दोऱ्यानें माप घेऊन, शेजारीं तारीख व वेळ लिहून. खालीं "आज दूध प्यालें, पण भाकरी नाहीं" अशाही नोंदी होत्या. डॉक्टरीणबाईंनीं तें पान दोनदां वाचलें. मग केस कापले. केसांखालीं दोन बारीक छिद्रें होतीं. दुसऱ्या कुत्र्याचा दांत लागला होता. वरची जखम मिटली आणि आंत पू सांचला. त्यांनीं बारीक सुई घालून थोडा द्रव काढला, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि मगच, एवढें सगळें झाल्यावर, त्या टेंगळाला नांव दिलें. तें गळूं होतें. त्यांनीं तें नीट भूल देऊन उघडलें, धुतलें आणि औषध लिहून दिलें.

येथें गोष्ट संपली असें आम्हांस वाटलें होतें. परंतु हात धुतांना त्यांनीं सहज विचारलें, "हें माप रोज घेतलं कोणी?" मुलानें उजवा हात खिशांत घातला.

मंगळवारीं माप घेतांना पिलाला दुखलें आणि त्यानें दांत लावला होता. बोटावर खरचटलें, रक्ताचा एक थेंब आला. मुलानें तो सदऱ्याला पुसला आणि कोणासही सांगितलें नाहीं. कां, हें त्यानें मागाहून सांगितलें: पिलाला आवाराबाहेर सोडतील, आणि आपल्याला पोटांत चौदा सुया टोचतील.

अनोळखी कुत्र्यानें चावलेलें, लस न टोचलेलें पिलूं आणि त्याचा दांत लागलेलें मुलाचें बोट! रेबीजची लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य वाचणें जवळजवळ अशक्य. आणि माणसांना होणारा हा रोग बहुतेक सर्व कुत्र्यांमार्फतच येतो. परंतु लक्षणें दिसण्यापूर्वीं, वेळेवर, उपाय केला तर तो टळतो. जखम कितीही क्षुल्लक असो, ती लगेच वाहत्या पाण्याखालीं साबणानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पोटांतील सुयांची भीति जुन्या लसीची आहे. कसौली येथें १९११ सालीं सर डेव्हिड सेंपल यांनीं तयार केलेली, मेंढराच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्या देशांत २००५ पासून बंद झाली. आतांची लस दंडावर, चार-पांच खेपांत टोचतात, आणि ती सरकारी दवाखान्यांत मिळते. त्या मुलाला आम्हीं त्याच दुपारीं तेथें नेलें.

त्याच्या वडिलांचा राग आम्हीं पाहिला. तो मुलावर होता, आणि थोडासा आमच्यावरही. आमच्यावरचा रास्त होता. मुलावरचा नव्हे, हें आम्हीं त्यांना तोंडावर सांगितलें, आणि येथेंही लिहितों. चौघां मोठ्यांनीं पाहिलें नाहीं, तें त्यानें पाहिलें. त्यानें लपविलें तें एवढ्याचसाठीं कीं सांगितल्यास प्रथम शिक्षा होईल व मग उपचार, असा त्याचा आजवरचा अनुभव होता. हा अनुभव त्याला कोणीं दिला, ह्याचा विचार घरीं व्हावा तसाच शाळेंतही व्हावा. त्या प्रसंगानंतर वसतिगृहांत एक नियम केला आहे: कुत्रें, मांजर किंवा माकड ह्यांचा दांत वा नख लागल्याचें जो सांगेल, त्यास त्या दिवशीं कोणीही कांहीं बोलावयाचें नाहीं. आतांपर्यंत तीन मुलांनीं येऊन सांगितलें आहे. त्यांपैकीं एकाचें खरचटणें फणसाच्या झाडाचें निघालें, तरीही त्याला कोणीं हसलें नाहीं.

पिलाच्या कपाळावर रुपयाएवढा केस नसलेला डाग राहिला आहे. त्याला व त्याच्या आईला रेबीजची लस टोचली; ती वर्षानें पुन्हां द्यावयाची आहे. तारीख त्या गणिताच्या वहींत लिहिलेली आहे. पाटी आचारीमामांकडे आहे.