शिवणारीनं विकत घ्यावी का?

आमच्या महिला मंडळात परवा कुजबुज झाली. गोधड्या शिवून देणाऱ्या एका बाईंनी लेकीच्या रुखवतात चक्क दुकानातली रजई ठेवली होती. 'हातात कला असून विकतचं?'

मैत्रिणींनो, मला त्यात वावगं काही दिसत नाही. गोधडी म्हणजे काही गंमत नव्हे. कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या जवळजवळ रांगा घालायच्या. घरचं सांभाळून महिना सहज जातो. त्यात मऊ सुती लुगडी आता मिळतात कुठे? सिंथेटिक साड्या सुईखाली सरकतात, घामही टिपत नाहीत. मान-डोळे दुखेपर्यंत दुसऱ्यांसाठी शिवणारीनं घरच्यासाठी तयार आणली तर बिघडलं कुठे? फक्त घेताना नीट निरखून बघावी. पुष्कळदा ठिगळं नुसती छापलेली असतात अन् आत पॉलिएस्टर!

मला खटकतं ते वेगळंच. तसली रजई दाखवून आपण तिच्याशी घासाघीस करतो, 'दुकानात निम्म्यात मिळते हो!' शिवाय जुन्या साड्या आपण दिल्या, म्हणून मजुरीही कमी करायची. दोरा मात्र तिचाच असतो.